बाहेरच्या भिंतीवरचे अकरा डास

सोमवार, ता. ४ सप्टेंबर

माझे नाव या वहीच्या पुठ्ठ्यावर सोनेरी ठशाने उमटविले आहे, ते येथे पुन्हा लिहीत नाही. वय वर्षे शहात्तर. शिक्षण इयत्ता चौथी, उत्तीर्ण. व्यवसाय: न्यायालयाच्या दप्तरखान्यात अडतीस वर्षे बांधणीकार, सध्या निवृत्त. या अडतीस वर्षांत माझ्या हातून एकाही खटल्याचे एकही पान मागेपुढे झाले नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. हजारो जबाब मी शिवले व चिकटविले. लिहिण्याची ही रीत तेथेच उचलली. सदर वहीही मीच बांधली आहे.

वही सुरू करण्याचे कारण येणेप्रमाणे. घरात मी, चिरंजीव व सूनबाई अशी तीन माणसे आहोत. सूनबाईंना सहावा महिना चालू आहे. दोन वर्षांपूर्वी गल्लीत दिवसा चावणाऱ्या डासांमुळे ताप पसरला, तो सूनबाईंनाही आला, आणि या घरातील पाळणा रिकामा राहिला. यंदा तापाचे रुग्ण पुन्हा निघू लागले आहेत.

आज आरोग्य खात्याच्या सर्वेक्षिका आल्या व त्यांनी भिंतींवर चार तक्ते टांगले. तक्ता वहीच्या पानाएवढा, पातळ व अर्धपारदर्शक आहे. मी नाक लावून पाहिले. वास शून्य.

"याला वास कसा नाही?" मी विचारले.

"वासाची गरजच नाही, आजोबा. यातलं औषध आपोआप हवेत उतरतं. विस्तव नको, वीज नको. त्या हवेत डासाला काही सुचत नाही. माणूस कुठं बसलाय याचा त्याला माग लागत नाही. मग तो आत यायचंच टाळतो, नाहीतर आला तरी न चावता निघून जातो."

"म्हणजे मरत नाही."

"मेला तर मेला. पण मारणं हे याचं कामच नाही."

शत्रूस जिवंत सोडणारा पहारेकरी मी प्रथमच पाहिला. त्यापुढे त्यांनी जे सांगितले त्याने तर माझे डोके तापले. गल्लीतील अर्ध्या घरांत औषधाचे तक्ते असून उरलेल्या अर्ध्या घरांत तसेच दिसणारे कोरे तक्ते आहेत. कोणते कोठे, हे सर्वेक्षिकेसही ठाऊक नाही. ती यादी कार्यालयात लिफाफ्यात बंद आहे. तक्त्यावर केवळ क्रमांकाची चिठ्ठी आहे. आमचा क्रमांक सतरा, समोरच्या केशकर्तनालयाचा अठरा.

"घरात दिवस गेलेली बाई असताना तुम्ही आमच्या भिंतीला कोरा कागद लावणार?"

"लागला असेल असं नाही, आजोबा. आणि म्हणूनच सांगतेय, पाण्याचं पिंप झाकून ठेवा, दुपारी झोपतानाही मच्छरदाणी सोडू नका. नेहमीची काळजी घ्यायचीच. फक्त शीटला हात लावायचा नाही."

सूनबाईंच्या डॉक्टरांना विचारून झाले असल्यामुळे चिरंजीवांनी सही केली. मीही केली. अर्थ नीट कळल्याखेरीज मी आजवर सही केलेली नाही, आज केली, याची नोंद असावी.

गुरुवार, ता. ७ सप्टेंबर

माझ्या पद्धतीने परीक्षा सुरू केली आहे. चारही तक्त्यांखाली जमिनीवर पांढरा कागद अंथरतो आणि सायंकाळी मेलेले डास मोजतो.

मंगळवार: शून्य. बुधवार: शून्य. आज: एक मुंगी, तीही जिवंत.

शनिवार, ता. ९ सप्टेंबर

शून्य.

दुपारी खिडकीशी बसलो असता एक डास आत आला. तो दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खात उडाला, भिंतीस दोनदा धडकला, माझ्या कानाजवळून गेला आणि खिडकीतून परत निघून गेला. मी टाळी वाजवीपर्यंत तो बाहेर होता. बाहेर डोकावून पाहतो तो खिडकीच्या चौकटीखाली, बाहेरच्या भिंतीवर, अकरा डास ओळीने बसले होते. मी हाताने हुसकले. थोडे उडाले व पुन्हा तेथेच येऊन बसले. संधीची वाट पाहत दबा धरून बसणे हा त्यांचा निर्लज्जपणा पाहून संताप आला. औषधात दम असता तर हे अकरा जण तेथे जिवंत बसले असते काय?

सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, चार दिवसांत मी पाय खाजवलेला नाही. तुम्ही पाहिलंत का?" मला डिवचावयाचे असले की त्या मला मामंजी म्हणतात, एरवी बाबा म्हणतात. मुलगी स्वभावाने गोड आहे. माझे मन राखण्याकरिता काहीही बोलेल.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही सगळ्यात मुडदेच का शोधता?"

बापाशी बोलण्याची ही रीत नव्हे. 

बुधवार, ता. १३ सप्टेंबर

आज दाढीकरिता समोर गेलो. केशकर्तनालयाचे मालक सडे गृहस्थ असून दुकानामागील खोलीतच राहतात. गल्ली त्यांना कात्री म्हणते, कारण त्यांची जीभ हातातील हत्यारापेक्षा अधिक चालते. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या मिशीची डावी बाजू उजवीपेक्षा आखूड कापली होती. ते आजतागायत म्हणतात की माझा चेहराच वाकडा आहे. असे असले तरी इतकी वर्षे मी दुसऱ्या कोणाकडे गेलो नाही, आणि दर शुक्रवारी ते रुग्णालयात अंथरुणास खिळलेल्या रुग्णांचे केस कापण्यास जातात तेव्हा दुकानाची किल्ली माझ्याकडे ठेवतात.

आरशाखालील फळीवर पाहतो तो मेलेले डास. मी मोजले. एकोणीस. जमिनीवर केसांच्या ढिगात आणखी असतील.

"हे काय आहे?" मी विचारले.

"आमच्याकडे हे असंच, बाइंडरसाहेब. पटापट पडतात." असे म्हणत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकन आरशावर मारला, ही त्यांची जुनी सवय. "हे बघा, वीस."

"तक्ता लागला म्हणून?"

"तक्ता म्हणा, नाहीतर माझा हात म्हणा. तुमच्याकडे किती पडले?"

मी हनुवटी वर केली. गालावर वस्तरा असताना खोटे बोलणे सुरक्षित नव्हते.

हिशेब आता लख्ख आहे. अठरा क्रमांकास औषध मिळाले आणि सतरा क्रमांकास कोरा कागद. एकट्या माणसाच्या दुकानात, जेथे आरसे, फण्या व जुनी मासिके सोडून कोणी नाही, तेथे औषध, आणि आमच्या घरी पोकळ तक्ते.

सोमवार, ता. १८ सप्टेंबर

सर्वेक्षिका नोंद घेण्यास आल्या. मी तेरा दिवसांची शून्ये दाखविली.

"आजोबा, हे मोजून काही कळणार नाही. घरात चावतात किती, हे सांगा. आधी चावायचे तितकेच चावतात?"

"काही एक फरक नाही," मी सांगितले.

त्यांनी सूनबाईंकडे पाहिले. सूनबाई तोंड उघडणार, तोच मी म्हणालो, "घरातील कर्त्या माणसाने सांगितले आहे, तेच लिहावे."

"आणि समोरच्या दुकानात मरतात ते?" मी विचारले.

"समोरचं मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि तुमचं समोर सांगणार नाही."

"आमचे तक्ते बदलून द्या."

"तसं करता येत नाही हो, आजोबा. मग या सगळ्याला अर्थच उरणार नाही."

त्या गेल्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, मी सांगणार होते की चावत नाहीत." मी म्हटले, "तुझे मन मोठे आहे, पण हे सरकारी काम आहे."

गुरुवार, ता. २१ सप्टेंबर

आमच्यापासून चौथ्या घरात ताप शिरला. तेथील दोन्ही मुले आजारी आहेत.

आज सूनबाई खिडकीशी बसून कसलेसे बारके टोपडे विणत होत्या. मागच्या वेळचे टोपडे त्यांनी कोणाला देऊन टाकले ते मी कधी विचारले नाही. मी त्यांना तेथून उठवून आतल्या खोलीत बसावयास सांगितले. त्या हसल्या. "बाबा, इथं उजेड आहे."

उद्या शुक्रवार आहे. किल्ली माझ्याकडे असेल.

शुक्रवार, ता. २२ सप्टेंबर

ही नोंद मी करीत आहे, कारण न केल्यास ही वही अपुरी राहील. वही कोणी वाचणार नाही.

सकाळी दहा वाजता समोरचे गृहस्थ किल्ली देऊन रुग्णालयात गेले. चिरंजीव कामावर होते. सूनबाई तपासणीकरिता गेल्या होत्या. मी आमचे चार तक्ते उतरविले व समोर जाऊन तेथील चार उतरविले. केवळ तक्ते बदलून भागणार नव्हते, कारण सर्वेक्षिका चिठ्ठीवरचा क्रमांक पाहतात. तेव्हा किटलीच्या वाफेवर आठही चिठ्ठ्या सैल केल्या, हाडाच्या पट्टीने कोपऱ्यातून उचलल्या, आणि ताजी खळ लावून अदलाबदल करून चिकटविल्या. अठराच्या तक्त्यांवर सतरा, सतराच्या तक्त्यांवर अठरा. वर वजनास व्याकरणाचे जाड पुस्तक ठेवले. वाळल्यावर नखाने तपासले. माझ्या हातची सांधणी ओळखेल असा माणूस या शहरात दुसरा नाही.

बारा वाजता सर्व जागच्या जागी होते.

अडतीस वर्षांत पान बदलले नाही, हे वर लिहिले आहे. ते आजही खरे आहे. ही पाने नव्हेत.

सोमवार, ता. २५ सप्टेंबर

अखेरीस. सात मेलेले डास. चिरंजीवांनी तीन मारले, सूनबाईंनी दोन, मी दोन. पूर्वी एकही हाती लागत नव्हता. औषधामुळे ते इतके मंद होतात की साध्या टाळीनेही मरतात, हा त्याचा अर्थ. आज कित्येक दिवसांनी जेवण गोड लागले.

शुक्रवार, ता. २९ सप्टेंबर

आजचा आकडा चौदा. खिडकीच्या बाहेरच्या भिंतीवर एकही नाही. पळाले.

सूनबाईंच्या पायावर लाल गांध्या उठल्या आहेत. म्हणाल्या, "बाबा, डास वाढलेत का हो? का मलाच वाटतंय?"

मी समजावले की मरणारा प्राणी जाता जाता दंश करतोच. त्यांनी मान हलविली व पायांवर चादर ओढून घेतली.

कात्री किल्ली देताना म्हणाले, "बाइंडरसाहेब, माझा टॉवेल बेकार झाला बघा. आठवडाभर मारायला काही मिळेना. आरसा इतका स्वच्छ राहतोय की गिऱ्हाइकांना स्वतःचं खरं वय दिसायला लागलंय."

या बोलण्याने दिवसभर अस्वस्थ वाटले. कारण सापडले नाही. कदाचित हवा बदलली असेल.

बुधवार, ता. ४ ऑक्टोबर

सूनबाईंना ताप. एकशे तीन.

गुरुवार, ता. ५ ऑक्टोबर

रुग्णालय. तोच ताप. चिरंजीव खाटेशी बसून आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस पाहावे लागेल. कशाचे पाहावे लागेल, हे त्यांनी सांगितले नाही व मी विचारले नाही.

शुक्रवार, ता. ६ ऑक्टोबर

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

मी रुग्णालयाच्या बोळातील बाकावर बसलो होतो. आज शुक्रवार असल्यामुळे कात्री आपली पेटी घेऊन तेथे आले. किल्ली घेण्यास सकाळी मी घरी नव्हतो, तेव्हा ती त्यांच्या खिशात होती. माझ्या शेजारी बसले. पेटी मांडीवर घेतली.

मग म्हणाले, "ऐका. सूनबाईंना घरी सोडतील तेव्हा त्यांना सरळ माझ्या मागच्या खोलीत आणा. दोन आठवड्यांत माझ्याकडे एक डास फिरकलेला नाही. शीट माझीच खरी निघाली असणार, त्याला काय करता. मी दुकानात खुर्चीवर झोपेन. तुमचे चिरंजीव बाहेरच्या बाकावर झोपतील. तुम्ही मात्र घरीच थांबा, तुमचं घोरणं मला सोसणार नाही."

मी उठून उभा राहिलो. बसून सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती. दोन आठवडे म्हणजे बावीस तारखेपासून. आधी त्यांच्या फळीवर एकोणीस आणि आमच्या कागदावर शून्य. आता आमच्याकडे चौदा आणि त्यांच्याकडे एकही नाही. बेरीज चौथी नापास मुलगाही करील.

मी त्यांना सर्व सांगितले. किल्ली, किटली, हाडाची पट्टी, खळ, चिठ्ठ्या, काही गाळले नाही.

त्यांनी पेटीची कडी दोनदा उघडली व दोनदा लावली.

"फळीवरचे डास मी टॉवेलने मारलेले होते," ते म्हणाले. "तुमच्यासमोर मारला की मी एक."

"पाहिला होता."

"शीट मागितली असतीत तर मीच आणून टांगली असती. चारही."

ते उठले व पेटी घेऊन वॉर्डात शिरले. तेथे एका म्हाताऱ्याची दाढी करताना मी त्यांना दारातून पाहिले. तासभरात ते कोणाशीही एक शब्द बोलले नाहीत.

रविवार, ता. ८ ऑक्टोबर

आज दुपारी तीन वाजता, रुग्णालयाच्या वॉर्डात, सूनबाईंच्या खाटेजवळ, मी पुढील जबाब स्वखुशीने व उभा राहून दिला.

काल ताप उतरला. आज सकाळी डॉक्टर म्हणाले की धोका टळला असे ते लिहून देणार नाहीत, पण काल रात्रीपेक्षा आज त्यांना स्वतःला बरी झोप लागेल. सर्वेक्षिकेस मी निरोप पाठविला होता. त्या सुट्टीचा दिवस असून आल्या. मी बावीस तारखेचे पान उघडून मोठ्याने वाचले. चिरंजीव खिडकीकडे तोंड करून उभे होते, ते वाचन संपेपर्यंत वळले नाहीत.

सर्वेक्षिका बाहेर जाऊन कार्यालयाशी फोनवर बोलल्या. परत येऊन म्हणाल्या की असा प्रसंग घडल्यास वरिष्ठांना लिफाफा उघडता येतो व तो उघडला आहे.

"सतरा नंबरला औषध होतं, आजोबा. पहिल्या दिवसापासून. अठराला साधी शीट."

मग त्यांनी वही मागितली. मी दिली. पाने मागे उलटीत नऊ तारखेशी थांबल्या.

"हे तुम्हीच लिहिलंय. बाहेरच्या भिंतीवर अकरा. एक आत आला, झोकांड्या खाऊन निघून गेला. मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, ते हेच. आमच्या माणसांनाही इतकं नीट लिहिता येत नाही. तुम्ही पाहिलंत सगळं." त्या थांबल्या. "आणि मी विचारलं तेव्हा म्हणालात, काही फरक नाही."

"तसेच म्हणालो."

"आता ही दोन्ही घरं मला यादीतून काढावी लागतील. पाच आठवड्यांचं काम. यातली एकही ओळ धरता येणार नाही."

ज्या दप्तरातून माझ्यामुळे पाने काढावी लागली असे हे पहिलेच दप्तर.

चिरंजीव वळले. "तिला बोलू दिलं असतंत, बाबा. इतकंच. त्या दिवशी तिला बोलू दिलं असतंत." एवढे म्हणून ते पाणी आणावयास गेले. सुरई भरलेली होती.

सूनबाईंचे डोळे मिटलेले होते. मला वाटले झोपल्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "मामंजी, खळ चांगली होती का?"

"उत्तम होती," मी म्हणालो. त्यांनी हात पुढे केला नाही, मीही केला नाही. त्यांनी मला मामंजी म्हटले, तेवढे मी नोंदवून ठेवतो.

समोरचे गृहस्थ भिंतीस टेकून उभे होते. सकाळी त्यांनी आपल्या दुकानातील चारही तक्ते उतरवून आमच्या घरी पूर्वीच्या खिळ्यांवर टांगले. मी शिडी धरली. खाली उतरल्यावर मी म्हणालो, "पुढल्या शुक्रवारी किल्ली?" ते म्हणाले, "पुढल्या शुक्रवारी शुक्रवारचं बघू." किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

जबाब मी वाचून पाहिला. तो बरोबर आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

समक्ष उपस्थित: आरोग्य खात्याच्या सर्वेक्षिका. केशकर्तनकार, दुकान क्रमांक अठरा. चिरंजीव, जे भरलेली सुरई पुन्हा भरून परत आले होते. सूनबाई, अंथरुणावरून. पाचवा साक्षीदार अद्याप जन्मास यावयाचा आहे. परंतु जबाब चालू असता परिचारिकेने सूनबाईंच्या पोटावर यंत्र धरले होते व त्यातून त्याचे ठोके खोलीत सर्वांना स्पष्ट ऐकू येत होते, सबब त्यासही उपस्थित धरावे.